काचेमागचा मत्स्यन्याय

मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे ही घटना पाण्यात क्षणोक्षणी घडत असते आणि तिचे कोणाला काही वाटत नाही. आपल्या परंपरेने मात्र या साध्या घटनेला राज्यविचारात मोठे स्थान दिले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मत्स्यन्याय’ हा शब्द येतो. महाभारताच्या शांतिपर्वातही हीच कल्पना आहे. दंडशक्ती नसेल तर बलिष्ठ माणसे दुर्बळांना माशांप्रमाणे गिळतील, म्हणून राजा हवा, असा तो युक्तिवाद. त्यात मासे हे केवळ दृष्टांतापुरते येतात. माशांनी एकमेकांना खाणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न कौटिल्याला पडला नाही आणि पडण्याचे कारणही नव्हते. पाण्यातला व्यवहार पाण्याचा होता. त्यात माणसाचा हात नव्हता.

आता तो हात त्यात शिरला आहे. घरात काचेची टाकी ठेवून शोभेचे मासे पाळण्याची आवड आपल्या शहरांत जुनी आहे. परंतु अलीकडच्या काळात तिला एक नवी शाखा फुटली. रंगीत, निरुपद्रवी माशांऐवजी शिकारी मासे पाळावेत, त्यांची झडप पाहावी आणि त्यांचा वाढता आकार मित्रमंडळींना कौतुकाने दाखवावा, अशी ही आवड आहे. बंगळूरसारख्या शहरात, जेथे तरुण नोकरदारांच्या हाती पैसा आहे आणि ज्यांचा दिवस संगणकापुढे जातो त्यांना संध्याकाळी काहीतरी जिवंत पाहावेसे वाटते, तेथे ती चांगलीच रुजली. या आवडीचा एक मानकरी मासा म्हणजे पीकॉक बास. मोराच्या पिसावर असतो तसा, सोनेरी कडेचा एक काळा डोळा त्याच्या शेपटीच्या मुळाशी असतो. त्यावरून हे नाव पडले. अमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांची खोरी व गयानाचा प्रदेश हे त्याचे मूळ घर. ब्राझीलमध्ये त्याला तुकुनारे म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला ‘सिक्ला’ असे नाव दिले असून २००६ साली झालेल्या फेरमांडणीत तिच्यातील पंधरा जाती मानण्यात आल्या.

दुकानात हा मासा मिळतो तो पाचसात सेंटीमीटर लांबीच्या पिल्लाच्या रूपात. नदीत असता तर या वयाच्या आधीचे कित्येक आठवडे तो आईबापांच्या पहाऱ्यात वाढला असता. कारण या जातीत नर आणि मादी दोघेही अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा भरून, वर रबर बांधून जे पिल्लू घरी आणले जाते, त्याचे ते पालकपण आणणाऱ्याकडे येते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हे पालकपण आहे. या पिल्लाला काय खाऊ घालावे, हा वरकरणी पाकशास्त्राचा वाटणारा प्रश्न नीट पाहिला तर नीतिशास्त्राचा ठरतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हे पिल्लू अधाशी असते. दिवसातून दोनतीनदा त्याला खाणे लागते, आणि जे हलते तेच अन्न अशी त्याची उपजत समजूत असते. म्हणून प्रारंभी त्याला डासांच्या अळ्या, पाणपिसवा, ‘ब्लडवर्म’ या नावाने विकल्या जाणाऱ्या लाल अळ्या किंवा बारीक जिवंत कोळंबी देतात. पुढची सोपी वाट म्हणजे गप्पी मासे. पावशतक गप्पी एका पिशवीत मिळतात. ते टाकीत ओतायचे, आणि काही मिनिटांत पाणी पुन्हा निवळलेले दिसते. यात एक विलक्षण योगायोग आहे. गप्पी हाही मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातलाच. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडे हौदांत आणि विहिरींत सोडला गेलेला. एकाच खंडातून आलेले दोन निर्वासित बंगळूरमधील एका दिवाणखान्यात समोरासमोर येतात, आणि त्यांतला एक दुसऱ्याला खातो.

हे पाहणाऱ्याच्या मनात काही कालवाकालव झालीच तर तिच्यावर एक तयार उत्तर असते. हा निसर्गाचा नियम आहे. जीव जीवावर जगतो. नदीतही हेच घडले असते. आपण फक्त त्याचे अन्न त्याच्यापुढे ठेवले. हे उत्तर ऐकायला सयुक्तिक वाटते. त्यामुळे ते तपासून घेणे आवश्यक आहे.

नदीत लहान माशाला पळण्यासाठी पाणी असते. बुडालेली झाडे, मुळांचे जाळे, उथळ काठ, गढूळ प्रवाह आणि सोबतीचा थवा या साऱ्यांच्या आधाराने तो बहुधा वाचतो. शिकाऱ्याची झडप अनेकदा फुकट जाते. त्या फुकट गेलेल्या झडपांतूनच दोन्ही जातींना आजचा आकार, वेग आणि सावधपणा मिळाला आहे. टाकीत यांतले काहीही नसते. तेथे चारही बाजूंना काच असते, लपायला जागा नसते आणि निकाल आधीच ठरलेला असतो. नदीत जे घडते ती शिकार होय. टाकीत जे घडते ते वाढणे होय, ताटात अन्न वाढावे तसे. फरक इतकाच की वाढलेले अन्न अजून जिवंत असते आणि निसटण्याचा प्रयत्न करीत असते. या रचनेतील प्रत्येक गोष्ट, म्हणजे काच, पाण्याची खोली, वेळ, गप्पींची संख्या, माणसाने ठरविली आहे. ज्या घटनेचे सारे घटक आपण जुळविले तिचे कर्तेपण निसर्गाच्या खात्यावर मांडणे हा हिशेबातला अप्रामाणिकपणा आहे.

या संदर्भात आपल्या कायद्यातील एक तरतूद लक्षात घेण्याजोगी आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. मनुष्याखेरीज कोणताही सजीव अशी प्राण्याची व्याख्या त्यात केली असल्यामुळे मासा तिच्यात येतो. याच कायद्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत, केवळ करमणुकीच्या हेतूने एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य व्हावे अशा रीतीने कोंडून ठेवणे, हाही एक आहे. अभयारण्यात वाघासाठी आमिष बांधण्याचा उल्लेख तेथे आहे. या तरतुदीचा सारा भार ‘केवळ करमणुकीच्या हेतूने’ या शब्दांवर पडतो. भुकेल्या माशाला अन्न दिले असे म्हणणारा त्यातून सुटेल; परंतु पाहुण्यांना बोलावून, दिवे लावून, आता कशी झडप घालतो ते पाहा असे म्हणणाऱ्याला सुटणे अवघड जावे. दोघांच्या टाकीत घडणारी घटना एकच असते. भेद असतो तो पाहणाऱ्याच्या मनात, आणि मनाचा साक्षीदार न्यायालयात बोलावता येत नाही. कायदा जेथे थांबतो तेथून नीतिविचार सुरू होतो, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

तरीही एक अडचण उरते. मासा मांसाहारी आहे आणि त्याला उपाशी ठेवणे हीसुद्धा हिंसाच आहे. ही अडचण शिबी राजाच्या कथेत फार पूर्वी मांडली गेली. ससाण्याच्या भयाने कबूतर राजाच्या मांडीवर येऊन बसते. राजा त्याला अभय देतो. यावर ससाणा म्हणतो की हे माझे विहित अन्न आहे. ते हिरावून घेशील तर मी मरेन आणि माझ्या आधाराने जगणारेही मरतील. एकाला वाचवून अनेकांना मारणारा हा कसला धर्म? शिबी या युक्तिवादाला उत्तर देऊ शकत नाही. तो ससाण्याचा हक्क मान्य करतो आणि कबुतराच्या भारोभार स्वतःचे मांस तराजूत घालतो. या कथेकडे दानशूरतेची कथा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. परंतु तिच्यात एक सूक्ष्म मुद्दा आहे. शिकाऱ्याचा अन्नावरचा हक्क खरा, भक्ष्याचा जगण्यावरचा हक्कही खरा. मग या दोहोंच्या मध्ये जो येऊन उभा राहतो त्याला किंमत मोजावी लागते. शिबीने ससाणा पाळलेला नव्हता, तो आपणहून आला होता. तरी त्याने किंमत मोजली. शिकारी मासा पैसे देऊन घरी आणणाऱ्याने तर आपण होऊन त्या दोन हक्कांच्या मध्ये पाऊल टाकलेले असते. त्याने किंमत मोजायची ती कोणती, हा खरा प्रश्न आहे. गप्पींच्या पिशवीचे पैसे ही ती किंमत नव्हे; कारण त्या व्यवहारात देणाऱ्याचे जाते ते अगदी थोडे, आणि ज्याचे सर्वस्व जाते त्याला कोणी विचारलेले नसते.

अनुभवी मासेपालक ही किंमत कोणती ते आपल्या परीने सांगतात, आणि त्यांचे सांगणे व्यावहारिक असूनही नीतीच्या बाजूचे आहे. पीकॉक बासच्या पिल्लाला मेलेले अन्न खायला शिकविता येते. त्यासाठी सवड आणि चिकाटी लागते. जिवंत अळ्यांबरोबर थोड्या गोठविलेल्या अळ्या द्यायच्या; फिल्टरच्या प्रवाहात त्या हलत राहतील अशा सोडायच्या; मग कोळंबी सोलून तिचे बारीक तुकडे, माशाचे काप; मधे एखादा दिवस उपास; नंतर कोळंबीच्या रसात भिजविलेल्या कोरड्या गोळ्या. गोळ्या खाणारा एखादा मासा शेजारी असला तर त्याचे पाहून पिल्लू लवकर शिकते. यात काही आठवडे जातात. काही पिल्ले हट्टीपणाने तोंड फिरवितात, आणि पालकाची परीक्षा होते. या मार्गाने जाण्यात माशाचेही हित असते. विकतच्या जिवंत माशांबरोबर परजीवी आणि रोग टाकीत येतात. गोल्डफिश आणि त्याच्या कुळातील अनेक माशांच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. सतत तेच खाऊ घातले तर शिकारी मासा भरल्या पोटी कुपोषित होतो. जनावरांचे मांस दिले तर त्यातली चरबी माशाला पचत नाही. म्हणजे जे दृश्य पाहणाऱ्याला सर्वांत रोमहर्षक वाटते तेच माशाला सर्वांत कमी हितकारक असते. पालकाने मोजायची किंमत येथे दिसते. त्याने आपल्या वेळाचा काही भाग द्यायचा, आणि त्याहून अधिक म्हणजे झडप पाहण्याचे आपले सुख सोडायचे.

कोणी म्हणेल की मेलेली कोळंबीही कधी जिवंत होती, आणि गोळ्या ज्या मासळीच्या भुकटीपासून बनतात ती समुद्रातून जाळ्याने ओढलेल्या लहान माशांचीच असते; मग हिंसा कमी झाली कोठे? ज्या घरात मासळी शिजत नाही तेथे हा प्रश्न अधिक टोकदार होतो. अशा घरांतून मुलगा मासा पाळतो, आणि त्या माशासाठी कोळंबीचा डबा शीतकपाटात दुधाच्या पिशवीशेजारी येऊन बसतो. आजीला तो विटाळ वाटतो. मुलाला आजीचा आक्षेप जुनाट वाटतो. दोघांच्या मतभेदात एक समान गृहीत आहे, ते असे की प्रश्न शुद्धतेचा आहे. वस्तुतः प्रश्न शुद्धतेचा नाही. मांसाहारी प्राणी पाळला की निष्कलंक राहण्याचा मार्ग उपलब्ध नसतो. हिंसेचे शून्य गाठता येत नाही म्हणून तिची कमी-अधिक मात्रा मोजूच नये, हा मात्र तर्कदोष आहे. क्षणात मेलेला जीव आणि तासभर कोंडलेल्या जागेत पाठलाग सोसून मेलेला जीव यांत अंतर आहे. मारण्यापासून आनंद घेणे आणि मारण्यावाचून चालत नाही म्हणून ते सोसणे यांतही अंतर आहे. या अंतरांचे भान ठेवणे एवढेच बहुधा माणसाच्या हाती असते.

माशाला दुःख होते का, हा प्रश्न येथे टाळून चालणार नाही. २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. माशांच्या ओठांत आम्ल टोचल्यावर त्यांचे खाणे मंदावले, त्यांनी ओठ तळाच्या खडीवर घासले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इजा जाणणारे मज्जातंतू असल्याचे दिसून आले. याउलट, माणसाला वेदनेची जाणीव ज्या मेंदूच्या बाह्यकामुळे होते तो माशांना नाही, तेव्हा त्यांच्या हालचालींना वेदना म्हणता येणार नाही, असे ब्रायन की या शास्त्रज्ञाने २०१६ साली प्रतिपादन केले, आणि त्यावर मोठा वाद झाला. शास्त्रज्ञांचा वाद शास्त्रज्ञ मिटवतील. परंतु वाद मिटेपर्यंत वागायचे कसे, हा प्रश्न शास्त्राचा नसून आपला आहे. आरोपीला संशयाचा फायदा देण्याची न्यायपद्धती आपण स्वीकारली आहे, कारण निरपराध्याला शिक्षा होण्याची चूक आपण अधिक गंभीर मानतो. त्याच न्यायाने संशयाचा फायदा सोसणाऱ्याला मिळायला हवा. मासा दुःख जाणत नसेल आणि आपण हळुवारपणे वागलो तर आपले फारसे काही जात नाही. तो जाणत असेल आणि आपण बेफिकीर राहिलो तर जे झाले ते परत घेता येत नाही.

आतापर्यंत विचार झाला तो पिल्लाच्या आहाराचा. परंतु आहाराचा परिणाम वाढ हा असतो, आणि या माशाच्या बाबतीत सर्वांत अवघड नैतिक प्रसंग वाढीतूनच उद्भवतो. ऊबदार पाणी आणि भरपूर अन्न मिळाले तर पहिल्या वर्षी पीकॉक बास महिन्याला दोनअडीच सेंटीमीटर वाढतो. घरात पाळल्या जाणाऱ्या जाती अर्ध्या मीटरच्या आसपास जातात. सर्वांत मोठी जात एक मीटरपर्यंत पोहोचते, आणि २०१० साली ब्राझीलमध्ये गळाला लागलेल्या एका माशाचे वजन तेरा किलोंहून अधिक भरले होते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे साडेसहाशे लिटर पाणी मावते. मोठ्या पीकॉक बासला तीही अपुरी. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्या विषाचे नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. साचलेले नायट्रेट घालविण्यासाठी आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे लागते, म्हणजे दीडशे लिटरहून अधिक.

हे पाणी कोठून येते याचाही विचार करावा लागतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे. मोठ्या नदीच्या काठी ते नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर दुरून, जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून या शहरात आणले जाते. २०२४ च्या मार्च महिन्यात हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या तेव्हा पिण्याचे पाणी मोटारी धुण्यास वा बागांना वापरण्यावर बंदी आली आणि ती मोडणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठरविण्यात आला. त्या दिवसांत ज्याच्या घरी मोठी टाकी होती त्याच्यापुढे उभा राहिलेला पेच खोटा नव्हता. शेजारी रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट पाहत असताना माशासाठी पाणी बदलावे की पाणी न बदलून माशाला त्याच्याच विषात ठेवावे? दोन्ही पर्याय वाईट होते. ते वाईट झाले त्याचे कारण मात्र त्या महिन्यात शोधून सापडणार नव्हते. पाच सेंटीमीटरचे पिल्लू घरी आणले त्या दिवशीच ते ठरून गेले होते.

वाढणाऱ्या माशाची एक कथा शतपथ ब्राह्मणात आहे. हात धुताना मनूच्या ओंजळीत एक चिमुकला मासा येतो आणि म्हणतो की मला सांभाळ. लहान असताना आम्हांला मोठ्या माशांचे भय असते. मनू त्याला घटात ठेवतो. घट पुरेनासा झाल्यावर खड्ड्यात, आणि तोही अपुरा पडल्यावर समुद्रात नेऊन सोडतो. महाभारतातील आवृत्तीत मधे वापी आणि गंगा हे टप्पे येतात. पुढे प्रलयात तोच मासा मनूची नाव ओढून नेतो. या कथेचा उत्तरार्ध सर्वांच्या स्मरणात राहिला. पूर्वार्ध म्हणजे माशाच्या पालकत्वाचा आपल्या वाङ्मयातील बहुधा सर्वांत जुना पाठ आहे, याकडे लक्ष गेले नाही. मनूने एकदा ‘सांभाळीन’ म्हटले आणि मग प्रत्येक वेळी माशाच्या वाढीबरोबर आपले वचन वाढवीत नेले. मासा घटात मावत नाही म्हणून त्याने वचन लहान केले नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मनूने माशाला समुद्रात सोडले ते मासा समुद्राचाच होता म्हणून.

आजचा पालक मनूचे हे शेवटचे पाऊल तेवढे उचलतो आणि तेथेच त्याचा घात होतो. टाकी पुरेनाशी झाली, दुकानदार मोठा मासा परत घेत नाही, मारण्याचे धैर्य नाही. मग एके रात्री बादली घेऊन जवळच्या तलावाकडे जायचे आणि मासा पाण्यात सोडायचा. सोडणाऱ्याला त्या क्षणी हलके वाटते. आपण एका जिवाला मुक्ती दिली असे त्याला वाटते, आणि बंदिवानाला मोकळे करणे पुण्याचे मानणाऱ्या आपल्या संस्कारांचा त्याला आधार असतो. परंतु हा मासा त्या तलावाचा नसतो. तेथील लहान माशांनी असा शिकारी कधी पाहिलेला नसतो. त्याच्यापासून कसे पळावे हे त्यांच्या पूर्वजांनी त्यांना शिकविलेले नसते. टाकीची जी बंदिस्त रचना गप्पींच्या जिवावर उठत होती तीच आता संपूर्ण तलावाची होते.

असे घडल्याचे ठसठशीत उदाहरण पनामात आहे. खासगी तळ्यात आणलेला पीकॉक बास १९६७ च्या सुमारास तेथून निसटला आणि चाग्रेस नदीतून पनामा कालव्याच्या गाटून सरोवरात पोहोचला. थॉमस झॅरेट आणि रॉबर्ट पेन यांनी १९७३ साली लिहिलेल्या शोधनिबंधानुसार, पूर्वी विपुल असलेल्या आठ स्थानिक जातींपैकी सहा तेथून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. पंचेचाळीस वर्षांनंतर पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही सरोवर सावरलेले नव्हते. आपल्याकडेही इशारे मिळून चुकले आहेत. टाकीतले शेवाळ खातो म्हणून घरोघर ठेवला गेलेला ‘सकर’ मासा आज देशातील अनेक जलाशयांत पसरला असून उजनीसारख्या ठिकाणी तो मच्छीमारांची जाळी फाडतो. २०१८ च्या महापुरानंतर केरळातील नद्यांत अरापैमासारखे परदेशी शिकारी मासे सापडले, कारण पुराचे पाणी तळ्यांच्या बांधांना जुमानत नाही.

मासा परदेशीच असला पाहिजे असेही नाही. याचे उदाहरण मराठी वाचकाच्या घरचे आहे आणि ते बंगळूरच्या नळापर्यंत पोहोचते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीर माशाला त्याने ‘खुद्री’ हे येथल्या बोलीतले नावच शास्त्रीय नावात दिले. धरणांमुळे हा मासा कमी होऊ लागला तेव्हा गेल्या शतकाच्या आठव्या दशकात लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने त्याची कृत्रिम पैदास सुरू केली. उद्देश निर्मळ होता आणि काम कौतुकास्पद होते. तेथील बोटुकली अनेक नद्यांत सोडण्यात आली. त्यांत कावेरीही होती. परंतु कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा होता: पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोंच्या वर जाणारा. १९४६ साली काबिनी नदीत गळाला लागलेला असा एक मासा १२० पौंडांचा होता. लोणावळ्याचा खुद्री कावेरीत फोफावला आणि हा उंचवट्याचा महसीर विरळ होत गेला. धरणे, प्रदूषण आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी हीही कारणे होतीच. २०१८ साली ‘टॉर रेमादेवी’ ही त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली. नाव मिळाले तेव्हा तो जाण्याच्या वाटेवर होता. सद्हेतूने, जाणकारांच्या देखरेखीखाली, आपल्याच देशातल्या एका नदीतून दुसऱ्या नदीत मासा नेला तर हे होऊ शकते. मग रात्री बादलीतून सोडलेल्या अमेझॉनच्या शिकाऱ्याविषयी निराळे काही सांगायला नको.

यावरून कोणी मासे पाळूच नयेत असा निष्कर्ष काढील. तो सोपा आहे, परंतु पुरता न्याय्य नाही. काचेपुढे बसून पिल्लाच्या अंगावर डोळा उमटताना पाहणे, जिवाणूंच्या अदृश्य श्रमावर पाण्याचे आरोग्य अवलंबून असते हे उमजणे, आपल्याहून सर्वस्वी निराळ्या जिवाची भूक आणि भय ओळखू लागणे, हे शिक्षण शहरातल्या माणसाला अन्यत्र सहज मिळत नाही. रायगड जिल्ह्यातील वाळण कोंडीत देवीचे म्हणून राखलेले महसीर आहेत आणि शृंगेरीच्या तुंगेतही मासे राखले जातात. तेथे कुरमुरे टाकणाऱ्या भाविकालाही हेच थोडेसे मिळत असते. फरक असा की त्या ठिकाणी मासा आपल्या पाण्यात असतो आणि माणूस पाहुणा म्हणून काठावर येतो. टाकीत हे नाते उलटे होते. तेथे मासा पाहुणा असतो आणि यजमानपणाची मुदत पाहुण्याच्या आयुष्याएवढी असते.

म्हणून पिल्लाला काय खाऊ घालावे या प्रश्नाचे उत्तर दुकानातून पिशवी उचलण्यापूर्वी द्यावे लागते. जिवंत भक्ष्याचा खेळ न मांडता याला वाढविण्याचा धीर आपल्यात आहे का? दोन वर्षांनी हा हातभर होईल तेव्हा त्याला पुरेल इतकी जागा आणि पाणी आपण देऊ शकू का, आणि दुष्काळात ते पाणी घेताना शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकू का? ते जमेनासे झाले तर त्याला तलावात न सोडता त्याच्यासाठी दुसरा योग्य पालक शोधू का, आणि तोही न मिळाल्यास जाणत्याच्या हातून त्याचा वेदनारहित शेवट करण्याचे दुःख स्वतः सोसू का? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर पिल्लाला काचेपलीकडेच राहू देणे हेच त्याचे पालन होय. पाण्यातल्या माशांना मत्स्यन्याय लागू नव्हता, कारण त्यांच्यावर राज्य करणारा कोणी नव्हता. टाकीला मात्र एक राजा असतो. कौटिल्याच्या मते बलिष्ठांपासून दुर्बळांना राखण्यासाठी राजा हवा असतो. ज्याने बलिष्ठ आणि दुर्बळ या दोघांनाही एकाच काचेत आणून ठेवले, त्याला हे राखणे टाळता येत नाही.